दोलगोलचा होकार

प्रिय दासोमताई,

फोन केला असता तर तू नेहमीसारखं "हं, बोल" म्हणून गप्प झाली असतीस, आणि तुझ्या त्या गप्प होण्यापुढे माझं आजवर कधीच काही चाललेलं नाही. म्हणून पत्र. अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर समजून घे. परवा दिवसभर कोबीच्या पानांत तिखट भरत होते, बोटं अजून चुरचुरतायत. कुठे आणि कोणाबरोबर, ते ओघाने येईलच.

आधी घरचं सांगते. बाबांचा गुडघा आता त्यांना होडीवर उभं राहू देत नाही. ते धक्क्यावर बसून दुसऱ्यांची जाळी सांधतात आणि ती कशी फाडू नयेत यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला भाषण देतात. आई अजून सुक्या मासळीच्या शेडमध्ये जाते. तिथल्या बायकांना तिने सांगून ठेवलंय की आमची सेबोम सरकारची परीक्षा घेते. मी तिला किती वेळा समजावलं, की आई, लोकांना विचारून निर्णय घेतला असं कचेऱ्या सांगतात, तेव्हा खरंच विचारलं होतं का, नीट विचारलं होतं का, एवढं पाहून लिहायचं हे माझं काम. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या रश्शात मीठ किती ते सांगायचं आणि आपण जेवायचं मात्र नाही." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "असू दे. शिकलेल्या माणसांना काहीतरी काम तर द्यायलाच हवं." आमच्या घरात शिकलेली मी एकटीच, त्यामुळे हे वाक्य ती दर वेळी माझ्याकडे बघूनच म्हणते.

हसलीस ना? वसतिगृहात आईचा फोन आला की तू मला तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवायला लावायचीस. मी त्या खोलीत आले तेव्हा मला ग्रंथालयातून पुस्तक कसं घ्यायचं हेसुद्धा ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. तू दोन वर्षांनी पुढे होतीस. तू मला तुझा जाड कोट दिलास, तुझ्या वह्या दिल्यास, आणि पहिला अहवाल लिहिताना माझ्या मागे उभी राहून म्हणालीस, "सेबोम, आधी ज्यांच्याबद्दल लिहितेस त्यांच्यासमोर जमिनीवर बस. खुर्चीवरून माणसाचं डोकं दिसतं, तोंड दिसत नाही." ते वाक्य मी अजून जपून आहे. आणि मग ती जानेवारी आली. तुला गावाहून फोन आला, तू गेलीस, परत आलीस ती भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलीस. तुझी आजी गेली एवढंच मला कळलं. मी तुझ्या उशाशी जवाचा चहा ठेवायचे आणि सकाळी गार झालेला उचलायचे. त्या जानेवारीबद्दल आपण कधी बोललो नाही. आज बोलावं लागणार आहे, म्हणून मी असं लांबून लांबून येते आहे.

सप्टेंबरात माझ्या टेबलावर एक काम आलं. दोलगोल खोऱ्यातल्या वृद्धांशी तालुका कचेरीने जो विचारविनिमय केला, त्याचं मूल्यमापन. तो घेणारी अधिकारी म्हणून वरतीच तुझं नाव होतं. मी उठून प्रमुखांकडे गेले आणि सांगितलं, की हे मी करू नये, या बाईंबरोबर मी एका खोलीत राहिले आहे. ते म्हणाले, "या प्रांतात कोण कोणाबरोबर एका खोलीत राहिलं नाही असा माणूस शोधून आण, त्याला देतो." आणि फोनकडे वळले.

खरं सांगू, कागद वाचून मला अभिमान वाटला. सूचना मोठ्या अक्षरांत, शिवाय सरपंच बेककाकांच्या भोंग्यावरून सकाळ-संध्याकाळ. मिरची तोडणीचे दिवस टाळलेले, बाजाराचा दिवस टाळलेला. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना पुढे बसवलेलं. एकदा भेटून सगळं समजावून सांगितलं, विचार करायला मध्ये वेळ दिला, मग पुन्हा भेट. तू जमिनीवर बसली होतीस, फोटोत दिसतं. योजनाही लपवलेली नव्हती: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी तालुक्याच्या गावातल्या नव्या सहनिवासात राहायला जायचं, दवाखाना हाकेवर, खोऱ्यातलं विरंगुळा केंद्र बंद करायचं, आणि मागे राहिलेली घरं पडून कोणाच्या अंगावर येण्याआधी, पुढच्या हिवाळ्याच्या पहिल्या बर्फापूर्वी, कचेरीने पाडून टाकायची. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी हो म्हटलं. एकसुद्धा नकार नाही. तेवढं एकच मला खटकलं. आमच्या घरात तीन माणसं, पण रश्शात मुळा घालायचा की नाही यावर आजतागायत एकमत झालेलं नाही.

ऑक्टोबरात मी दोलगोलला गेले. बस आता फक्त बाजाराच्या दिवशी जाते. विरंगुळा केंद्राला कुलूप होतं आणि अंगणातल्या झाडाखाली पिकलेली पर्सिमनची फळं पडून त्यांच्यावर गांधीलमाश्या बसल्या होत्या. वरच्या आळीला एका रिकाम्या घराच्या ओट्यावर कोणीतरी खणखण करत होतं. बघते तर सानचोंगवाली आजी. तीच, जिने तुला पहिल्या दिवशी, ताठ उभी राहिलीस म्हणून, "सरकारी काठी" म्हटलं होतं; हे तिनेच मला मग सांगितलं. त्या खोऱ्यात बायकांना अजून माहेरच्या गावाच्या नावानेच हाक मारतात, त्यामुळे कागदावरची नावं घेऊन फिरले तर मला तासभर कोणीच सापडेना. आजी एकेका रांजणाचं झाकण काढून उन्हाला लावत होती. आंबवलेल्या सोयाबीनला ऊन द्यावं लागतं, आणि पाऊस यायच्या आत झाकणं परत लावावी लागतात. मी विचारलं, हे तुमचं घर का? "माझं घर खाली. हे हादोंगवालीचं. ते पलीकडचं दुसरीचं. त्याच्या वरचंही माझ्याच गळ्यात," ती म्हणाली. "माणसं उचलून शहरात नेली. रांजण कोण नेणार? तुमच्या सभेत रांजणांना विचारायचं राहून गेलं वाटतं."

तिचा एक बिनलग्नाचा मुलगा घरात आहे, म्हणून ती "एकटी" या सदरात बसली नाही आणि मागे राहिली. आभाळ भरून आलं की ती आता अख्खी चढण धावत फिरते. हादोंगवाली आजीच्या दारावर लाल रंगाने एक मोठी फुली मारलेली होती. घर पाडायच्या यादीत असल्याची खूण. आजीने त्या फुलीवर मिरच्यांची माळ सुकत टाकली होती. म्हणाली, "कुठेतरी टांगायचीच होती."

मी सभेबद्दल विचारलं तेव्हा मात्र तिचा सूर बदलला. "सभा छान झाली. त्या पोरीने सगळ्यांना विचारलं, कोणावर जबरदस्ती नाही. लिही तसं. आणि हे बघ, तिला साहेबांची बोलणी खावी लागतील असं एक अक्षर लिहू नकोस, नाहीतर पुन्हा या चढावर पाऊल टाकून दाखव." मला नवल वाटलं. मी जिथे जाईन तिथे हेच. सगळ्यांना सभेपेक्षा तुझी काळजी. तू जेवतेस ना नीट, बढती मिळाली ना, लग्नाचं काही कळलं का. ताई, मी बऱ्याच गावांतल्या बैठका तपासल्या आहेत. ज्या अधिकाऱ्याने घर सोडायला लावलं त्याच्या लग्नाची चौकशी करणारी माणसं मला आजवर भेटली नव्हती.

मग सहनिवासात हादोंगवाली आजीकडे गेले. तिसरा मजला, खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. तिने मला खालून तापणाऱ्या जमिनीच्या उबदार बाजूला बसवलं, पर्सिमन सोलून काप माझ्या पुढ्यात ठेवले आणि माझा एकही प्रश्न पूर्ण होऊ दिला नाही. "नळाला गरम पाणी येतं. छान आहे. जिना नाही, लिफ्ट आहे. छान आहे. डॉक्टर खालीच." दिवस कसा जातो विचारलं, तर म्हणाली, "दिवस ना? दिवसही छान आहे." मी समाधानाचा प्रश्न वाचून दाखवला, त्याचे पर्याय सांगितले. ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "तुझ्या साहेबांना कुठलं हवंय पोरी? ते 'फार समाधानी' आहे ना, त्याच्यावर खूण कर. एवढ्या लांबून आलीस."

तेवढ्यात बाहेर पाऊस सुरू झाला. आजी ताडकन उठली. वाक्य अर्धं टाकून दारापर्यंत गेली, एक चप्पल पायात सरकवली, आणि मग तशीच उभी राहिली. एक पाय चपलेत, एक उघडा. मला वाटलं काही आणायचं असेल. मग मला ती चढण आठवली आणि ते रांजण. ती परत येऊन बसली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथे छप्पर पक्कं आहे. छान आहे."

मी "फार समाधानी"वर खूण केली, ताई. तिनेच सांगितली होती.

परत येऊन मी फोटो पुन्हा पाहिले आणि एक गोष्ट सापडली. बैठक विरंगुळा केंद्रातल्या पुरुषांच्या खोलीत झाली होती. दोलगोलमध्ये पुरुष मोजके, बायकाच जास्त, तरी फोटोत सगळ्या पुरुषांच्या टोप्या. बायका कुठे होत्या? जिथे तुमच्यासाठी शेवया रटरटत होत्या, त्या तिथे होत्या. स्वयंपाकघरात. हजेरीत मात्र आल्या, कारण छप्पर एकच. मला वाटलं, हाच दोष, सापडला. तुझ्या कामात दोष सापडल्याचं वाईटही वाटलं आणि, खोटं कशाला सांगू, थोडी शहाणी झाल्यासारखंही वाटलं. पुढच्या बाजाराच्या बसने जाऊन मी हे सानचोंगवाली आजीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती खो खो हसली. "ती पोरगी तुझ्यापेक्षा हुशार. सभा संपली तशी बाह्या सरसावून आत आली, आमच्यात बसली, लसूण सोलायला घेतला आणि प्रत्येकीला वेगळं विचारलं. लसूण मात्र वाईट सोलते." मी म्हटलं, मग तिथे तुम्ही काय सांगितलंत? आजीने हसणं आवरलं. "कोबी भरायला ये," ती म्हणाली. "सगळ्याजणी येणार आहेत. हात रिकामे असले की तोंड चालत नाही इथे कोणाचं."

म्हणून परवा मी तिच्या अंगणात होते. सहनिवासातल्या सगळ्याजणी बाजाराच्या बसने आल्या होत्या, रबरी हातमोजे आणि आपापले डबे घेऊन. तिथल्या ओट्यावर एवढा कोबी धुता येत नाही आणि शेजारी वासाची तक्रार करतात. हादोंगवाली आजी बसमधून उतरली ती आधी सरळ चढ चढून आपल्या रांजणांना हात लावून आली. मग मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि पान कसं उलगडायचं, तिखट देठाकडे जास्त आणि टोकाला कमी कसं लावायचं, ते शिकवलं. माझं पहिलं पान बघून एकजण म्हणाली, "ही पण सरकारी काठीच." दुसरी म्हणाली, "कोळ्याची पोर आहे, तिला मासा दे, पान नको." खूप हसलो. किती दिवसांनी त्यांना असं मोठ्याने बोलताना ऐकलं, असं सरपंच बेककाका कुंपणाबाहेरून म्हणाले, तर त्यांनाही मीठ आणायला पिटाळलं.

आणि मग, कोबी निम्मा झाल्यावर, सानचोंगवाली आजी हातातल्या पानाकडे बघत म्हणाली, "आम्ही सगळ्या नाही म्हणणार होतो बरं का. आदल्या दिवशी ठरलं होतं. आणि ठरवलं कोणी? हिनेच. माझ्या रांजणांच्या कडेला मरेन म्हणाली होती." हादोंगवाली आजी म्हणाली, "तिकडे आलं कमी पडलंय बघ." "आलं पुरेसं आहे," सानचोंगवाली म्हणाली. "ही पोरगी विचारायला आलीय ना? मग तिला कळू दे. त्या दुसऱ्या पोरीला हिने विचारलं, तुझी आजी आहे का गं?"

ताई, मग मला ते कळलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत जे तू मला सांगितलं नाहीस, ते तू त्या दिवशी लसूण सोलता सोलता त्यांना सांगितलंस. तुमच्या डोंगरातलं ते घर. बर्फाने बंद झालेला रस्ता. आजी फोन उचलत नव्हती, तेव्हा तुला परीक्षेमुळे वाटलं, उद्या करू. शेजारच्याने दार तोडलं तेव्हा वाटीतलं तांदळाचं पाणीसुद्धा गोठलं होतं. तू रडलीस, लसणाचे हात डोळ्यांना लागले, मग डोळे उघडेनात, आणि हादोंगवाली आजीने तुला नळापाशी नेऊन आपल्या कमरेला खोचलेल्या फडक्याने तुझं तोंड धुतलं. ही योजना तुझ्यासाठी काय होती ते त्यांना तेव्हा कळलं. मलाही परवाच कळलं. तू त्या खोऱ्यात घरं रिकामी करायला गेली नव्हतीस. तुला एक दार वेळेवर उघडायचं होतं.

"तू तोंड पुसायला गेलीस" असंच सानचोंगवाली आजी म्हणाली, जणू मी तूच होते. "तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. ही तिला फडकं देऊन परत आली. ही फक्त म्हणाली, पोरगी लांबून आलीय, रिकाम्या हाताने कशी पाठवायची? आमच्या दारातून कोणी रिकामं गेलेलं नाही, भिकारी नाही की कर मागायला आलेला नाही. पण देणार काय? मुळे दिले असते, पर्सिमन दिले असते. तिला त्यातलं काही नको होतं. तिला जे हवं होतं ते आमच्याकडे होतं. दिलं."

सगळ्याजणी पुन्हा कोबीकडे वळल्या. पानांचा ओला आवाज तेवढा येत होता. मी हातमोजे काढले आणि हादोंगवाली आजीच्या समोर बसले, तू सांगितलंस तशी, जमिनीवर. म्हटलं, आजी, अजून वेळ गेलेली नाही. घर उभं आहे. तुम्ही मला आत्ता नुसतं म्हणा की मला इथे राहायचंय, मी ते तसंच लिहीन, पुढचं मी बघते. ती म्हणाली, "वेडी आहेस. दिलेलं कोणी परत मागतं का?" मी म्हटलं, पण तुमचं घर जाणार आहे. ती म्हणाली, "मला माहीत आहे काय जाणार आहे ते." मी पुन्हा काही बोलणार, तर तिने तिखटाने माखलेला हात वर करून मला थांबवलं आणि फार हळू म्हणाली, "मी नाही म्हटलं ना पोरी, तर तिची आजी पुन्हा एकदा एकटी मरेल. एकदा झालं ते पुरे."

तू काय बोलली असतीस? मी हातमोजे घातले आणि पान उचललं.

काल मी अहवाल लिहायला बसले. लिहिलं की बैठक चुकीच्या खोलीत झाली. लिहिलं की आदराने विचारलेल्या प्रश्नाला आदराने दिलेलं उत्तर म्हणजे मत असेलच असं नाही. प्रमुखांनी वाचून परत पाठवला. त्यांचं म्हणणं, "त्या स्वतः फार समाधानी म्हणतायत, खूण तूच केली आहेस. मग त्यांच्या मनातलं आपण कोण सांगणार?" त्यांचं चूक नाही. अंगणातलं बोलणं मी लिहू शकत नाही, कारण सगळ्याजणींनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय की ते तालुक्याच्या कानावर घालायचं नाही, तुला त्रास होईल; हे पत्र कचेरीला नाही, तुला एकटीला आहे. पाडकामाची गाडी डिसेंबरच्या सुरुवातीला वर जायची आहे. शिवाय हा विचारविनिमय नमुना म्हणून शेजारच्या खोऱ्यांत न्यायचं घाटतंय, आणि तिथेही अशीच, लांबून येणाऱ्या पोरींना रिकाम्या हाताने न पाठवणारी माणसं राहतात. नियमात एकच वाट शिल्लक आहे. ज्या अधिकाऱ्याने विचारविनिमय केला, त्याला तो पुन्हा उघडता येतो. मला येत नाही. त्यांना येत नाही. तुलाच येतो.

तू चुकलीस असं मी लिहीत नाहीये, ताई. माझ्या पाहण्यातली सगळ्यात प्रेमाने केलेली विचारपूस तुझी होती, आणि तितक्याच प्रेमाने तुला चुकीचं उत्तर मिळालं. परवा निघताना हादोंगवाली आजी बसपर्यंत आली. माझ्या हातात डबा दिला, आणि मग जरा ओशाळून म्हणाली, "तिला भेटलीस तर विचार, गेल्या वर्षी त्या दिवशी अशीच कोबीची किमची दिली होती, निळ्या झाकणाचा डबा होता. घाई नाही हं. तिने खाल्ली असली म्हणजे झालं." मला माहीत आहे तू तो टाकला नसशील. कुठल्यातरी कपाटात धुऊन ठेवला असशील आणि बघवत नसेल म्हणून मागे सरकवला असशील. म्हणून हे पत्र. पुढच्या बाजाराच्या बसने ये आणि तिचा डबा परत दे. कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तुला तुझ्या आजीनेच शिकवलं असेल. त्यात काय घालायचं ते मी सांगते. तिने त्या दिवशी दिलेला होकार घाल. मी शेजारी बसेन, तू रडलीस तर पाणी आणीन. तिच्या हातात डबा ठेव आणि जेवून उठलेलं माणूस म्हणतं तसं म्हण, की आजी, पोट भरलं माझं, आता तुमचं तुम्हाला राहू द्या.

तुझीच,
सेबोम